शपथ नंतर, आधी दवाखाना

(निमगाव केतकीच्या बैठकीतलं भाषण, बोललं तसं लिहून घेतलेलं)



जमिनीच्या बैठकीत दारूचं कशाला, असं काहीजण म्हणतील. पिलेल्या माणसाचा अंगठा कागदावर घेणं लई सोपं असतं, म्हणून.

आपल्याकडं दारू सोडवायची म्हणजे देवापुढं शपथ, नाहीतर खोलीत कोंडणं. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते. पुढं भास होतात, माणूस अंगावर नसलेले किडे झटकत बसतो. आपण म्हणतो बाहेरचं झालं, आणि भगताकडं नेतो. हे बाहेरचं नाही, आजार आहे. त्याला औषध आहे, पण डॉक्टरच्या नजरेखाली.

उलटंही होतं. पाय मोडला म्हणून माणूस भरती होतो. लाजेपायी दारूचं कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी तो बरळतो, सलाईन उपटतो. मग दारुडा दंगा करतो म्हणून घरी धाडतात. पायही तसाच, दारूही तशीच.

पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू केलं. तिथं औषधाबरोबर पेशंटला गटात बसवून बोलतं करतात, घरच्यांनाही बोलावतात. गडचिरोलीत लोकांच्या रेट्यानं 1993 ला दारूबंदी झाली. बंदीनं दुकान बंद होतं. पिणाऱ्याचा आजार उरतोच. म्हणून दोन्ही पाहिजे.

तर एवढं ध्यानात ठेवा. भरती करताना रोज किती पितो, शेवटची कधी पिला, हे डॉक्टरला खरं सांगा. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर दारूमुळं लिव्हरवर दुहेरी मार बसतो; तेही सांगा, पण गोळ्या मनानं बंद करू नका. दारू सोडायची गोळी चोरून भाजीत घालू नका. त्यावर तो पिला तर जीव जाऊ शकतो.

आणि मागणी एकच: इंदापूर-बारामतीच्या सरकारी दवाखान्यात दारूच्या पेशंटला खाट मिळाली पाहिजे, शिव्या नाहीत. घरी आल्यावर त्याला सांभाळायचं काम आपलं. शुद्धीतला माणूसच जमिनीसाठी उभा राहील.

जिंदाबाद!