शकुंतलेचे रूळ कुणी टाकले?



गंजलेले रूळ, वर वाढलेलं गवत आणि खाली रम्य आठवणींचा रतीब. ‘शकुंतला’ गाडीचा असा फोटो पेपरात अधूनमधून छापून येतो. ही गाडी ज्या मूर्तिजापूरहून सुटायची, त्या गावाबद्दल आज बोलायचंय.

1860च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. जीआयपीची मोठी लाइन वऱ्हाडातून 1867ला नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीनं मूर्तिजापूरहून दोन फाटे काढले. एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला. अडीच फुटी रूळ, जवळजवळ 190 किलोमीटर. इंजिनसुद्धा मँचेस्टरचंच, 1921 सालचं. ते 1994पर्यंत धावलं.

आगगाडी आली आणि जात गेली, असं कुणी सांगत असेल तर त्याला मनमाड सांगा. फेब्रुवारी 1938. अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं म्हणणं आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. जीआयपीत आपला माणूस जन्मभर गँगमन. साधा पोर्टर होणंही मुश्कील. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम पडायचं, आणि मास्तर सवर्ण. बाटेल ना त्याचं घर! खडी आपण पसरायची, स्लीपर आपण उचलायचे, अन् फलाटावर जात उभी.

स्वातंत्र्य आलं. बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. ही लाइन मात्र खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. चालवायची सरकारी रेल्वेनं. मालक एक, चालवणारा दुसरा. मग रूळ झिजले. गाडी ताशी वीस किलोमीटरवर आली. कापूस ट्रकनं गेला. शेवटी गाडीवरचीच माणसं उतरून फाटक लावायची. 2016ला रुंदीकरणाची घोषणा झाली, आणि ते दशक सरेपर्यंत दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. मोठ्या लाइनवर गाड्या धावतात. जंक्शनचं जंक्शनपण गेलं.

त्या गाडीत बसत कोण होतं? एसटीचं भाडं ज्याला परवडत नाही तो. शेतमजूर, मजूर बाया, बाजाराला निघालेली म्हातारी. शहरातला माणूस इंजिनासाठी हळहळतो. तिला स्वस्त तिकिट गेल्याचं दुःख आहे. म्हणून आपली मागणी म्युझियमची नाही. लाइन पुन्हा चालू करा, आणि गरिबाला परवडेल त्या भाड्यात करा.

आणि तुम्हाला एक काम. आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाप-आजे असेच कुठले तरी रूळ धरून शहरात आले. सुट्टीत गावी जा. म्हातारे गँगमन अजून आहेत, त्यांच्यापाशी बसा, लिहून घ्या. इंजिनाचं साल सगळ्यांना ठाऊक आहे. रूळ टाकणाऱ्याचं नाव कुठंच नाही. ते आपणच लिहायचंय.

जयभीम.