पाळणं आणि सांभाळणं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांचा आग्रह होता की मी कॉम्प्युटरवर बोलावं. पण ते ऐकून मागच्या रांगेतले झोपतील, ही त्यांची जुनी सवय सरांनाही माहीत आहे. म्हणून वेगळा विषय घेते. तुमच्यापैकी तिघांनी मला नुकतंच विचारलं, "पोरगं इग्वाना मागते, घेऊन द्यावं का?" पुण्यात माझ्या ऑफिसातही कोणाकडे इग्वाना आहे, कोणाकडे बॉल पायथन. त्याचं उत्तर सगळ्यांना एकदमच देते.

असे वेगळे प्राणी घरात वाढवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे: हेमलकसा. बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू केला, तेव्हा भामरागडचं ते जंगल चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया लोकांवर उपचार करायला गेले होते, प्राणी पाळायला नाही. एकदा शिकार करून परतणारे काही माडिया त्यांना वाटेत भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं. तिथून सुरुवात झाली.

माडिया लोक शिकार करत ती पोटासाठी, हौसेसाठी नाही. त्यामुळे त्यांना उपदेश करून भागणार नव्हतं. डॉक्टरांनी विनंती केली, की पिल्लू जिवंत सापडलं तर आमच्याकडे आणा. मग बिबटे आले, अस्वलं आली, तरस, कोल्हे, हरणं, मगरी, साप आले. विलास मनोहर यांनी 'नेगल'मध्ये या प्राण्यांसोबतचं आयुष्य लिहिलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

बिबट्याच्या गळ्यात हात टाकलेले डॉक्टरांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या फोटोत रोजचं मांस, पिंजऱ्यांची साफसफाई, आजारपणं आणि ओरखडे दिसत नाहीत. हाताने वाढवलेला बिबट्या जंगलात परत सोडणंही कठीण असतं. त्याला शिकार शिकवायला आई नसते आणि माणसाची भीती उरलेली नसते. म्हणजे घेतलेली जबाबदारी जन्मभराची. आज या अनाथालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची बचाव केंद्र म्हणून मान्यता आहे.

आता आपल्या पोराच्या इग्वानाकडे येऊ. हेमलकशाच्या पिल्लांना दुसरा आसरा नव्हता. दुकानातल्या इग्वानाला आपण गिऱ्हाईक म्हणून भेटतो. फरक इथे आहे. इग्वाना दीड मीटरपर्यंत वाढतो, त्याला ऊब आणि अतिनील प्रकाशाचा खास दिवा लागतो. लाल कानांचं कासव विकताना नाण्याएवढं असतं, पुढे ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळा आला की लोक ते तळ्यात सोडतात आणि ते तिथल्या देशी कासवांच्या वाट्याचं खातं. रामाळा तलावावर असा उपकार कृपा करून कोणी करू नका.

कायदाही समजून घ्या. आपला पोपट, तारा कासव, घोरपड हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत; ते घरी ठेवणं हा गुन्हा आहे. अनेक विदेशी प्रजातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर सक्तीची झाली आहे. ती 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

मग पोरांची हौस कशी भागवायची? आपण ऊर्जानगरची माणसं. वीज केंद्राच्या परिसरात वाघ-बिबटे फिरतात, दार उघडलं की जंगल आहे. पोरांना ताडोब्याला न्या, हेमलकशाला न्या. जखमी प्राणी दिसला तर घरी न आणता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायला शिकवा. आणि घरात जीव हवाच असेल, तर रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू आणा. त्याला खरंच घर नसतं.

पाळायला पैसे लागतात. सांभाळायला वर्षं लागतात. ती देण्याची तयारी असेल, तरच हो म्हणा.