आईचें ताट आणि उतारवयांतील मधुमेह

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवाचे आभार मानावे आणि पूर्वजांचें स्मरण करावें, हें योग्यच आहे. परंतु लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा जो मूळ अर्थ सांगितला आहे, तो नुसत्या उत्सवाचा नाहीं. पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी आणि दारिद्र्यामुळें दास झालेल्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, अशी ती आज्ञा आहे. बापाच्या दारिद्र्याचा भार मुलांच्या मानेवर कायम राहूं नये, हाच तिचा हेतु. आज मी ज्या रोगाविषयीं बोलणार आहें, त्या मधुमेहांतहि असाच एक वारशानें आलेला भार आहे.

मधुमेह हा शेटसावकारांचा रोग, असें आपले वाडवडील म्हणत. आतां तसें म्हणतां येत नाहीं. २०२३ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें आपल्या देशांत सुमारें दहा कोटि दहा लक्ष लोकांना मधुमेह असून आणखी तेरा कोटि साठ लक्ष त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतके शेटसावकार या देशांत नाहींत! मग ज्यानें जन्मभर नांगर धरला किंवा जाळें ओढलें, त्याला हा रोग कां व्हावा?

याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत शोधलें गेलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकाचें ३.५ किलो. परंतु आश्चर्य असें कीं, आपलें बाळ हाडामांसानें लहान असलें तरी त्याच्या अंगांतील चरबी त्या मानानें कमी झालेली नव्हती. गर्भांत अन्न तुटपुंजें मिळालें, म्हणजे शरीर मेंदूला आधीं जपतें आणि स्नायु व स्वादुपिंड यांच्या वांट्याला उरलेंसुरलें येतें. स्नायु साखर जाळतात आणि स्वादुपिंड इन्सुलिन देतें; दोन्हीहि जन्मतःच दुबळीं असलीं, तर पुढें चाळिशी-पन्नाशींत पोट सुटूं लागतांच साखर रक्तांत सांचते. आईच्या रिकाम्या ताटाचें कर्ज लेंकराला असें उतारवयांत फेडावें लागतें.

ज्या माता पालेभाजी, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें अधिक भरदार होतीं. ज्यांना शेतांत व विहिरीवर अधिक राबावें लागे, त्यांचीं लहान होतीं, असेंहि त्याच अभ्यासांत दिसलें. त्या मातांपैकीं सुमारें दोनतृतीयांश जणींच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. हें सत्त्व मासळी, अंडीं व दूध यांत असतें. आपल्या किनाऱ्यावर मासळीला तोटा नाहीं. पण चांगली मासळी बाजारांत जाते, उरलेली पुरुषांच्या व मुलांच्या ताटांत पडते, आणि शेवटीं जेवणाऱ्या गरोदर सुनेला कालवणाचा नुसता रस्सा उरतो. हा दोष समुद्राचा नव्हे, आपल्या घरांतील रीतीचा आहे.

केवळ घरालाच दोष देऊन मात्र भागणार नाहीं. अलिबागजवळच्या चरी येथें १९३३ सालीं श्री. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. खोतांची जमीन कसणार नाहीं, असा कुळांचा निश्चय १९३९ पर्यंत टिकला. पिकविणाऱ्याच्या घरांत भात किती उरावें, हा तो प्रश्न होता. आईच्या ताटांत काय पडेल, हें जमीन, मजुरी व बाजारभाव ठरवितात, हें आपल्या जिल्ह्याला कोणीं शिकवावयास नको.

उलट बाजूचें एक उदाहरण पहा. इंग्लंडांत युद्धामुळें १९४० पासून साखरेवर रेशन होतें. तें १९५३ मध्यें उठलें. जीं मुलें गर्भांत असतांना व पहिल्या दोन वर्षांत या रेशनाखालीं वाढलीं, त्यांना उतारवयांत मधुमेह होण्याचा धोका सुमारें पस्तीस टक्क्यांनीं कमी होता, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. म्हणजे बालपणींचा हितकर नियमहि साठ वर्षें फळ देतो.

आतां आपलें कर्तव्य काय? पहिलें हें कीं, घरांत गरोदर स्त्री असेल तर तिचें ताट आधीं वाढावें. दुसरें, चहाबरोबर मुलांना बिस्किटें देण्याऐवजीं उकडलेलें अंडें किंवा एखादें फळ द्यावें. तिसरें, तिशी उलटलेल्या प्रत्येकानें सरकारी आरोग्य केंद्रांत जाऊन रक्त तपासून घ्यावें. एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून गरीब मनुष्य जात नाहीं. पुढें पाय बधिर होतो, अनवाणी चालतांना कालवाची धार लागलेली कळत नाहीं, आणि जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. चौथें, उपवासकाळांत आजाऱ्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं भलता हट्ट धरूं नये. एकोणसाठ वर्षें पूर्ण झालेल्यांवर ख्रिस्तसभा उपवासाचें बंधन घालीत नाहीं, आणि आजाऱ्यांनाहि त्यांतून सूट आहे. इन्सुलिन घेणाऱ्यानें उपाशी राहणें हें पुण्य नव्हे, संकट आहे.

पांचवें कर्तव्य आपणां सर्वांचें. या ज्युबिलीचा कांहीं खर्च वांचवून पॅरिशमधील गरीब गरोदर मातांसाठीं अंडीं व दूध पुरवावें, आणि हातावर पोट असलेल्या रोग्यांस तपासणीच्या दिवसाची मजुरी द्यावी. जन्मतः दुबळेपणा आला म्हणून रोग अटळ ठरत नाहीं. परंतु तो टाळण्यास शेजाऱ्याचा हात लागतो. आज ज्या बाळाचें ताट भरूं, तें बाळ आपल्या पॅरिशच्या पुढील ज्युबिलीला निरोगी म्हातारपणांत येऊन बसेल. तेव्हांच आपला हा उत्सव लेवीय ग्रंथांतील अर्थानें ज्युबिली ठरेल.

कार्मेल मातेच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस ही सद्बुद्धि लाभो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.