विद्यापीठाचे दप्तर

१८ नोव्हेंबर १९६२ हा दिवस भारताच्या स्मृतीत दोन कारणांनी कोरला गेला आहे. त्या दिवशी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह आणि त्यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनचे जवान चिनी आक्रमकांशी अखेरच्या गोळीपर्यंत झुंजत होते. आणि त्याच दिवशी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन होत होते. रेझांग लाची हकिकत आरंभी अनेकांना खरी वाटली नव्हती. १९६३ साली बर्फात शस्त्रासह गोठलेले देह सापडले, तेव्हा कुठे त्या पराक्रमाची साक्ष पटली. विद्यापीठाच्या वाटचालीला अशी साक्ष कोण देणार? ती देणारा एकच साक्षीदार आहे, आणि तो म्हणजे विद्यापीठाचे दप्तर.

‘दप्तर’ या शब्दाला आज मुलांच्या पाठीवरच्या पिशवीचा अर्थ उरला आहे. मराठी राज्यात मात्र दप्तर म्हणजे राज्याची स्मरणशक्ती होती. कागद घडी घालून रुमालात बांधायचा, रुमालावर विषय आणि साल लिहायचे, वेखंडाची पुरचुंडी ठेवायची आणि दफ्तरदाराने त्याची जबाबदारी पत्करायची, ही व्यवस्था कोणत्याही परकीय शास्त्राची उसनवारी नव्हती. त्या व्यवस्थेमुळेच पेशवे दप्तर टिकले आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांना त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध करता आले.

परंतु ज्या महापुरुषाच्या नावाने हे विद्यापीठ उभे आहे, त्याच्या दप्तराचे काय झाले? औरंगजेबाच्या स्वारीच्या धामधुमीत आणि पुढे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड पेटला तेव्हा जे हरपले, ते कायमचे हरपले. हिंदवी स्वराज्याच्या मूळ दप्तराचा फार थोडा अंश आज हाती आहे. परिणामी शिवछत्रपतींच्या चरित्रातील कित्येक तिथी आणि तपशील सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रे, वेंगुर्ल्याच्या डचांचे अहवाल आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचे टिपण यांच्या आधारे ठरवावे लागतात. वखारवाले नफ्यातोट्याचा हिशेब लिहीत होते. स्वराज्याच्या संस्थापकाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर व्यापाऱ्याची आणि बहुधा वैऱ्याची होती. स्वतःचा कागद हरवला की स्वतःचा इतिहास दुसऱ्याच्या शाईने लिहिला जातो.

नालंदेचेही हेच झाले. बख्तियार खिलजीच्या स्वाऱ्यांनंतर त्या महाविहाराची स्वतःची नोंदवही उरली नाही. तिथे कोण शिकवीत असे, प्रवेश कसा मिळत असे, हे ह्युएन त्संग आणि इत्सिंग या चिनी यात्रेकरूंनी लिहून ठेवले म्हणून ठाऊक आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने १६३४ मध्ये, म्हणजे शिवरायांच्या बालपणीच, आपल्या दप्तराच्या रक्षणासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला होता. तुलना मनाला लागणारी आहे, पण ती करायला हवी.

कोल्हापूरला ही जाणीव नव्हती असे मुळीच नाही. उलट या नगरीइतके कागदाचे मोल जाणणारी नगरी विरळा. राजर्षी शाहू छत्रपतींचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी शेकडा ५० जागा राखून ठेवण्याचा तो हुकूम आज कोणी दंतकथा म्हणून उडवून लावू शकत नाही, कारण तारखेसह छापलेले पान शिल्लक आहे. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले; त्याचे मोडी दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात राहिले आणि आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

या नगरीत विद्यापीठाची आकांक्षा बाळगणारा एक पुरुष तर मुलतानहून आला होता. आर्य समाजाचे डॉ. बाळकृष्ण १९२२ च्या सुमारास राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे महाविद्यालय १८८० मधले. मराठी त्यांची मातृभाषा नव्हती, तरी शिवचरित्राने त्यांना झपाटले. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील आणि हॉलंडमधील डच दप्तरातील कागद मिळवून त्यांनी शिवछत्रपतींवर चार भागांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. शिवरायांच्या नावाने कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे हे स्वप्न त्यांनी पाहिले आणि १९४० मध्ये ते निवर्तले. राष्ट्राची एकात्मता म्हणजे काय, ते अशा आयुष्यांकडे पाहून समजते. पंजाबच्या सीमेवरचा एक विद्वान करवीरात येतो, स्वराज्याच्या संस्थापकाचे हरवलेले कागद परदेशी दप्तरांतून वेचतो, आणि आज त्याचे नाव कोल्हापुरातल्या किती पदवीधरांना सांगता येईल?

विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी असे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार, हा योगायोग भाग्याचाच म्हटला पाहिजे. इमारती, विभाग, वसतिगृहे यांचा व्याप चालू असतानाच त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादून विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केली. पहिला खंड १९६९ मध्ये आला. पुढे शाहू संशोधन केंद्रातर्फे डॉ. विलास संगवे यांच्या संपादनाखाली राजर्षींच्या कागदपत्रांचे खंड निघाले. सतराव्या, अठराव्या आणि विसाव्या शतकाच्या कागदांना या विद्यापीठाने जपले, ही अभिमानाची गोष्ट आहे. प्रश्न असा की, दुसऱ्यांचे दप्तर जपणाऱ्याने स्वतःचे दप्तर कोणाच्या हवाली करायचे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ अभ्यासकांना हवे आहे असे समजू नये. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाच्या नावात ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ ही बिरुदे असावीत यासाठी कोल्हापुरात मोर्चा निघाला. ‘शिवाजी विद्यापीठ’ हेच नाव सर्वांच्या ओठी राहावे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे जसे आद्याक्षरांत आकुंचन झाले तसे इथे होऊ नये, म्हणून १९६२ मध्ये विचारपूर्वक आटोपशीर नाव ठेवले गेले, असे दुसऱ्या बाजूने सांगण्यात आले. दोन्ही बाजूंची शिवभक्ती निर्विवाद आहे. परंतु १९६२ च्या धुरीणांच्या मनात नेमके काय होते, हे आवाज चढवून ठरत नाही. ते विधिमंडळाच्या कामकाजात, विद्यापीठासंबंधीच्या समित्यांच्या टिपणांत आणि त्या वेळच्या पत्रव्यवहारात शोधावे लागते. छत्रपतींच्या नावाचा वाद स्मरणरंजनावर सोडून देणे हा त्या नावाचाच अवमान होय.

सामान्य माणसाचेही या दप्तराशी नाते आहे. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. रत्नागिरीचा भाग मुंबई विद्यापीठाकडे गेला. तरी १९८० मध्ये सोलापुरात पदवी घेतलेल्याच्या गुणांची मूळ नोंद ही शिवाजी विद्यापीठाचीच नोंद आहे. शेतकऱ्याच्या घरातून प्रथमच महाविद्यालयात गेलेली पिढी, तिची गावे, तिचे विषय, मुलींची संख्या कोणत्या वर्षापासून वाढली, दुष्काळात किती जणांनी शिक्षण सोडले, हे सारे प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या नोंदवह्यांत दडलेले आहे. आणीबाणीत १९७५ ते १९७७ या काळात कारागृहात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे काय झाले, कोणत्या अधिकाऱ्याने सवलत दिली आणि कोणी दार लावून घेतले, हेही अशाच धारिकांतून कळायचे. दक्षिण महाराष्ट्राच्या सामाजिक उत्थानाचा इतिहास भाषणांतून सांगितला जातो. त्याचे आकडे या वह्यांत आहेत.

आता धोका कोठे आहे ते पाहू. तीनशे वर्षांपूर्वीचा हातकागद आणि काजळीची शाई आजही ताजी दिसते. १९७० चा कागद मात्र बोट लावताच तुटतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल असते, ते त्याला आतून जाळते. चक्रमुद्रित इतिवृत्ते, कार्बन लावून काढलेल्या पातळ प्रती, उजेडात फिकट होणारे इमारतींचे निळे नकाशे, कोरी होऊन गेलेली फॅक्सची पाने, हे स्वातंत्र्योत्तर कार्यालयांचे सर्वत्र आढळणारे चित्र आहे. टाचण्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. खळीने चिकटवलेल्या कडा कसरीला आमंत्रण देतात. त्यातच जपणुकीच्या उत्साहात कोणी पानाला प्लॅस्टिकचे आवरण चढवतो आणि ते पान कायमचे बिघडवतो.

पुराची आठवण तर ताजी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या जुन्या जिल्हा नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ पाण्याखाली गेले. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्या अवधीत तो वाऱ्यावर तरी सुटा करायला हवा किंवा गोठवून तरी ठेवायला हवा. विद्यापीठाचा परिसर उंचावर आहे, पण संलग्न महाविद्यालये काही सगळी उंचावर नाहीत. आणि पाण्याइतकीच माणसाची भीती आहे. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओची १९४८ मध्ये झालेली राख आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत झालेली मोडतोड ही दोन उदाहरणे पुरेत. रागाच्या एका दुपारी जे नष्ट होते, ते कोणत्याही माफीनाम्याने परत येत नाही.

संगणकाने ही चिंता मिटली, असा एक सुखद समज आहे. प्रत्यक्षात १९९० नंतरची कागदपत्रे अधिक संकटात आहेत. त्या काळी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आय.एस.एम. अशा निरनिराळ्या टंकांत भरला जाई. तो टंक नसलेल्या यंत्रावर हीच धारिका उघडली की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. फ्लॉपी वाचणारे यंत्र बाजारातून गेले, सीडीचा थर उडाला. मोडी न येणाऱ्याला मोडी जशी, तशी आपल्याच हयातीत लिहिलेली देवनागरी मुकी झाली, ही विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल! मोडी वाचणारे अजून मिळतात. या टंकांचे जाणकार मात्र निवृत्त होत चालले आहेत. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतराचे काम आजच करायला हवे. कागदाची छायाप्रत घेतली की मूळ कागद रद्दीत घालायला हरकत नाही, हा विचारही तितकाच घातक. छायाप्रत ही सोय आहे, मूळ कागद हा पुरावा आहे.

कायद्याची उणीव नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा. माहिती अधिकाराच्या कायद्यानेही प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर नोंदींची सूची ठेवण्याचे बंधन घातले आहे. उणीव आहे ती निवड करणाऱ्या जाणत्या माणसाची. सरकारी रीतीनुसार कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात; ‘अ’ कायम राहतो, ‘ड’ वर्षभराने नष्ट होतो. एखाद्या प्राध्यापकाचा रजेचा अर्ज ‘ड’ वर्गात जाईल, पण तो अर्ज सीमालढ्यात सत्याग्रहाला जाण्यासाठी केलेला असेल तर? हा विवेक लिपिकावर एकट्याने सोपवता येत नाही. इतिहास विभाग, ग्रंथालय आणि कुलसचिव कार्यालय यांनी एकत्र बसून, नष्ट करावयाच्या यादीवर नजर टाकूनच स्वाक्षरी करावी, एवढा नियम झाला तरी पुष्कळ वाचेल.

पुष्कळसे दप्तर तर कार्यालयात नाहीच. ते निवृत्त प्राचार्यांच्या माळ्यावर, अधिसभेच्या जुन्या सदस्यांच्या कपाटात, पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांच्या पेटीत आहे. १९६२ मध्ये वीस वर्षांचा असलेला विद्यार्थी आज ऐंशी ओलांडून गेला आहे. इतिहासाचार्य राजवाडे जसे खांद्यावर पडशी टाकून गावोगावच्या वाड्यांची दारे ठोठावीत, तसे कोणी तरी या घरांपर्यंत गेले पाहिजे. कागद हाती आला की जागच्या जागी पोच द्यावी, पानांची संख्या लिहावी, देणाऱ्याचे नाव गठ्ठ्यावर घालावे आणि मूळ मालकाला छायाप्रत परत करावी. एवढी रीत सांभाळली की दुसरे घर आपणहून दार उघडते.