उताराकडे झुकताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘स्कीइंग’ असे सांगताच त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचा दोष नाही. केंद्र सरकारच्या चाकरीत तीस वर्षे घालवलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मेवाल्या गृहस्थाने फार तर निवृत्तिवेतनाच्या नियमांवर बोलावे, अशी अपेक्षा रास्तच आहे. शिवाय आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्या गावी थंडी म्हणजे पौषातल्या चार पहाटा, परसातली शेकोटी आणि आजोबांची घोंगडी. बर्फ आम्ही प्रथम पाहिला तो मासळीबाजारात, लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेला. तेव्हा बर्फाशी आमचे नाते जडले कसे, हे आधी सांगणे क्रमप्राप्त आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमची बदली श्रीनगरला झाली. पहिले तीन महिने चिनारांच्या कौतुकात गेले. मग २१ डिसेंबर उजाडला आणि ‘चिल्लई कलां’ सुरू झाली. काश्मिरी पंचांगातली ही चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी. तिच्यामागून वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. थोरली, धाकटी आणि शेंडेफळ अशी ही थंडीची तीन भावंडेच म्हणा. नळाचे पाणी गोठले. खोबरेल तेलाची बाटली तर आधीच दगड झाली होती. संक्रांतीला सौभाग्यवतींनी तिळाचे लाडू वळायला घेतले, तो पाक हाताला लागण्याआधीच कडक. मुलगी पुण्याला महाविद्यालयात. घरात आम्ही दोघे आणि दोन कांगड्या. संध्याकाळी लवकर अंधार पडे आणि बोलण्याचे विषय सहा वाजता संपत. अखेर आम्ही बदलीचा अर्ज लिहिला. कारण एकच: ‘येथील हवामान मानवत नाही.’ तो खणात ठेवला आणि साहेबांची मर्जी पाहून पुढे करायचे ठरवले.

आमची ही अवस्था कार्यालयातल्या एका स्थानिक सहकाऱ्याने ओळखली. पुढच्याच रविवारी त्याने आम्हा उभयतांना गाडीत घातले आणि गुलमर्गला नेले. श्रीनगरहून अंतर पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गला चाकांना साखळ्या बांधायच्या आणि देवदारांच्या रांगांतून वर चढायचे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर एक विस्तीर्ण वाटी आहे. उन्हाळ्यात ती फुलांनी भरते, म्हणून नाव गुलमर्ग. हिवाळ्यात तेथले गोल्फचे मैदान बर्फाखाली जाते आणि त्याच मैदानावर नवशिके उभे राहायला शिकतात. वर अफरवतचा डोंगर. आकाशपाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. त्यातून मनुष्य सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचतो.

हा खेळ या डोंगरावर आणला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी. १९२७ साली येथे भारताचा स्की क्लब निघाला. मूळ मात्र फार दूरचे. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेच्या जुन्या भाषेतला, अर्थ ‘चिरलेली फळी’. बर्फातून शेजारच्या गावी जाण्यासाठी, शिकारीसाठी तिकडचे लोक अशा फळ्या पायांना बांधत. एकोणिसाव्या शतकात टेलेमार्क परगण्यातल्या सोंद्रे नोर्हाइम नावाच्या माणसाने टाचेला नीट धरणारे बंध वापरले आणि उतारावरून वळणे घेत येणे सुकर केले. म्हणजे पायपीट चुकवण्यासाठी निघालेल्या युक्तीतून हा आनंदाचा खेळ जन्मला.

त्या रविवारी आमच्या पायात लोखंडासारखे जड बूट चढवण्यात आले, त्यांना फळ्या जोडल्या आणि हाती दोन काठ्या आल्या. आमचे उस्ताद साठीचे, फिरनमध्ये हात घेतलेले. त्यांनी पहिला धडा दिला तो पडण्याचा: बाजूला पडावे, मागे नव्हे. दुसरा धडा थांबण्याचा: फळ्यांची पुढची टोके जवळ, मागची दूर, असा नांगराच्या फाळासारखा आकार करावा. इंग्रजीतही या रीतीचे नाव नांगरावरूनच पडले आहे. कोकणातल्या कुळवाड्याच्या नातवाला हे आपलेच वाटले. मग एक हलकासा उतार दाखवून ते म्हणाले, “चलिए, साहब.”

आम्ही निघालो आणि भयाने जे कोणीही करील तेच केले. अंग मागे टाकले. तत्क्षणी फळ्या पुढे पळाल्या, आम्ही पाठीवर आणि चष्मा बर्फात. असे सात वेळा झाले. आठव्या वेळी उस्तादांनी जवळ येऊन शांतपणे सांगितले, “साहब, पीछे मत झुकिए. घाटी की तरफ झुकिए, तब स्की आपकी बात सुनेगी.” बुद्धीला हे विपरीत वाटते. ज्या खोलगटाची भीती वाटते, त्याच्याकडेच झुकायचे! परंतु शास्त्र असे आहे, की वजन पुढे असेल तरच फळीची पुढची कड बर्फात रुतते आणि ती वळवता येते. डावीकडे वळायचे तर भार उजव्या पायावर, उजवीकडे वळायचे तर डाव्या. नवव्या वेळी आम्ही पुढे झुकलो. पन्नास पावलांचा तो उतार. पण कानांजवळून वारा गेला, बर्फ पायांखाली रेशमासारखा फाटत गेला आणि आम्ही उभेच्या उभे खाली पोहोचलो. त्या वयात मोठ्याने हसण्याचे प्रसंग थोडे येतात. आम्ही हसलो. सौभाग्यवती तर पुढच्याच रविवारी फळ्या बांधून उभ्या राहिल्या आणि महिन्याभरात आमच्यापुढे निघून गेल्या, हे सत्य त्या येथे समोरच बसल्या असल्याने कबूल करणे भाग आहे.

या खेळाची खरी गोडी मात्र हवामानाच्या लहरीपणात आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि पीर पंजालवर बर्फ टाकतात. ते केव्हा येतील, किती टाकतील याचा नेम नाही. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी धुके असे की स्वतःच्या फळीचे टोक दिसू नये. नुकता पडलेला बर्फ पिठीसाखरेसारखा. उन्हाने तो ओला होतो, रात्री गोठून काच बनतो, वाऱ्याने त्यावर पापुद्रा धरतो. कालचा उतार आज तोच नसतो. म्हणून रोज नव्याने शिकावे लागते, आणि आकाश ‘नाही’ म्हणाले तर मुकाट्याने शेगडीपाशी बसून नून चहा प्यावा लागतो. हट्टाला तेथे स्थान नाही. आम्ही शिकत होतो त्याच हंगामात, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवतवर हिमकडा कोसळून दोन पोलिश पाहुणे प्राणास मुकले. त्या दिवसापासून उस्ताद डोंगराकडे पाहून मान हलवत, तेव्हा आम्ही ‘का’ असे कधी विचारले नाही.

मार्चमध्ये खण आवरताना तो अर्ज हाती आला. कारण पुन्हा वाचले आणि कागद फाडला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पाठकोरा होता, वाण्याच्या हिशेबाला आला असता.”

मंडळी, कहाणी येथे संपती तर ती केवळ आमच्या मौजेची झाली असती. पुढला हिवाळा आला आणि बर्फ आलाच नाही. २०२४ चा जवळजवळ सारा जानेवारी गुलमर्गची वाटी तपकिरी गवताची राहिली. आम्ही रविवारी गेलो, तेव्हा उस्ताद दुकानाच्या पायरीवर बसले होते. शेजारी फळ्यांची चळत, मेण लावून तयार. घोडेवाले, बर्फावरच्या गाड्या ओढणारे, कहवा विकणारे सगळे आकाशाकडे पाहत होते. आमचा जो रविवारचा खेळ, ती त्यांची वर्षाची भाकरी होती, हे आम्हांला त्या दिवशी उमगले. उस्तादांनी स्वतःविषयी तक्रार केली नाही. ते एवढेच म्हणाले, की बर्फ नाही तर उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी कोठून येणार, आणि सफरचंदाच्या झाडाला पुरेशी थंडी मिळाली नाही तर ते फुलणार कसे? संक्रांतीचा तिळगूळ आम्ही सोबत नेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा नातवासाठी रुमालात बांधला.

जानेवारी सरता सरता बर्फ पडला आणि फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’चे हिवाळी सामनेही तेथे झाले. परंतु २०२५ साली तेच सामने बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. तोवर आमची बदली या शहरात झाली होती. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून आम्ही उस्तादांना दूरध्वनी केला. नातू आता उतारावर उभा राहतो, असे त्यांनी सांगितले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता तो आरिफ खान. तो टंगमर्गच्याच परिसरातला. त्यामुळे तिकडच्या पोरांच्या स्वप्नांना पत्ता आहे. हवा आहे ती बर्फाची साथ.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ ज्यांनी स्थापिले, तेही बहुतेक बदलीच्या हुकुमानेच या गावी आले असतील. येथली लू, येथले पाणी, येथली भाषा त्यांनाही प्रथम मानवली नसेल. मन मागे गावाकडे रेलत असेल. तरी ते समोरच्या उताराकडे झुकले, म्हणून आज हे सभागृह उभे आहे. दरवर्षी नवी कुटुंबे बदलून येतात. त्यांच्याही खणात असा एखादा अर्ज असेल. त्यांना आपल्यापैकी कोणीतरी रविवारी गाडीत घालून कोठेतरी न्यावे, एवढीच विनंती. आणि ज्या वर्षी डोंगरावर बर्फ असेल, त्या वर्षी मंडळाची सहल गुलमर्गला जरूर न्यावी. सौभाग्यवती शिकवायला तयार आहेत. पडायचे कसे, ते आम्ही दाखवू.