फळ पिकतें कोठें?

छत्रपती संभाजीनगरांत शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोंवतीं फळांच्या गाड्यांची दाटी नेहमींचीच. तेथें येणारें गिऱ्हाईक बहुधा प्रथम रंग पाहतें, मग अंगठ्यानें फळ दाबतें, आणि त्यानंतर भावाची घासाघीस सुरू करतें. रंगानें तें स्वतः फसतें; दाबण्यानें दुसऱ्याचें फळ नासतें. राहिली घासाघीस. तींत चार रुपये सुटले तरी बेचव फळ हें कोणत्याही भावानें महागच. सुशिक्षित कुटुंबांत कापड घेतांना पोत पाहतात, सोनें घेतांना कस लावतात. मात्र मुलांच्या व आजाऱ्यांच्या मुखीं जाणारें फळ केवळ पिवळेपणावर पसंत होतें, हें नवलच म्हटलें पाहिजे.

फळ चांगलें निघण्याचें बहुतेक काम बाजारापूर्वींच, झाडावर, झालेलें असतें. तेथें जी गोडी उतरली नाहीं ती दुकानांत कोणालाही घालतां येत नाहीं. या बाबतींत फळांचीं दोन कुळें मानावीं लागतात. आंबा, केळें, सीताफळ, चिकू, पपई हीं पहिल्या कुळांतलीं. तीं तोडल्यावरही पिकतात. आंब्यांत व केळ्यांत तोडतेवेळीं पिठूळ सत्त्वाचा सांठा पुरेसा असला, म्हणजे पुढें त्याचीच साखर होते, गर मऊ पडतो व वास सुटतो. सांठाच अपुरा असेल तर फळ मऊ होईल, पिवळें होईल, पण गोड होणार नाहीं. दुसऱ्या कुळांतलें फळ देठापासून सुटलें कीं गोडीच्या दृष्टीनें तेथेंच थांबतें. द्राक्षें, डाळिंबें, मोसंबी, संत्रीं हीं घरीं ठेवल्यानें सुरकुततील, वाळतील, प्रसंगीं सडतील. अधिक गोड मात्र होणार नाहींत. आंबट द्राक्षें ‘दोन दिवसांत होतील गोड’ असें सांगून विकणाऱ्याचें बोलणें हंसून सोडून द्यावें.

मोसंबीचें उदाहरण या शहराला अगदीं जवळचें आहे. पूर्वेस सुमारें ६० किलोमीटरांवर जालना. तेथील मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. अंबड व पैठण या तालुक्यांतही तिच्या बागा आहेत. आंबिया बहाराची मोसंबी थंडीच्या शेवटीं फुलते आणि पावसाळा सरतां सरतां उतरूं लागते. त्या वेळीं रात्री उबदारच असतात. आणि रात्रीं गारठा पडल्यावांचून मोसंबीच्या सालींतला हिरवेपणा नीटसा जात नाहीं. म्हणजे आंत रस भरलेला आणि साल मात्र हिरवी, अशी तिची स्थिति असते. गिऱ्हाइकाला हवी पिवळी. म्हणून ती वायूनें पिवळी करून विकण्याची पद्धति पडली. त्यानें साल बदलते, रस होता तोच राहतो. उलटपक्षीं, पिवळीधमक परंतु हातांत हलकी लागणारी मोसंबी आंतून कोरडी निघते. तेव्हां वजन हीच तिची परीक्षा. सारख्या आकाराच्या दोन मोसंब्या दोन तळहातांवर घ्याव्या आणि जड असेल ती ठेवावी. साल पातळ व तुकतुकीत असावी. २०१२-१३ च्या दुष्काळांत याच टापूंतील कित्येक बागा वाळून गेल्या, आणि ज्या वांचल्या त्यांपैकीं पुष्कळ टँकरच्या पाण्यावर वांचल्या. अशा कष्टानें जगविलेल्या झाडाचें रसरशीत फळ केवळ ‘हिरवें आहे’ म्हणून गिऱ्हाइकानें परत ठेवावें, यांत बागाईतदाराचें जितकें नुकसान आहे तितकेंच गिऱ्हाइकाचेंही आहे.

डाळिंब तयार झालें कीं त्याचा गोलपणा मोडतो. आंतले दाणे फुगून सालीला बाहेर रेटतात व फळाला किंचित् बाजू पडतात. तोंडाशीं असलेल्या मुकुटाच्या पाकळ्या आंत वळतात. चेंडूसारखें वाटोळें डाळिंब कितीही लाल असो, तें घाईनें उतरविलेलें असण्याचाच संभव अधिक. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा १४ व्या शतकांत दौलताबादेस आला होता. त्या मुलुखांत द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें आहे. परदेशी माणसाला याचें आश्चर्य वाटलें असेल. येथील माळ्याला वाटणार नाहीं. बागेचें पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा आणि मग पाणी देऊन हव्या त्या हंगामांत बहार धरावयाचा, ही विद्या दख्खनच्या बागाईतदाराच्या अंगवळणीं पडलेली आहे. आंबिया, मृग व हस्त हीं बहारांचीं नांवें त्या विद्येंतलींच. द्राक्षांविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं घड वरून खालीं पिकत जातो. चव पाहावयाची तर शेंड्याचा शेवटचा मणि मागावा; तो गोड तर सारा घड गोड. विक्रेता मात्र चवीसाठीं आपण होऊन वरचाच मणि तोडून देतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

खरा पेंच आहे तो आंब्याचा, कारण तेथें जिभेबरोबर धर्मही गुंतलेला आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखविल्यावांचून आंबा तोंडांत घालावयाचा नाहीं, ही रीति पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. कोवळें फळ झाडावर राहावें हाच तिचा मूळ हेतु असो वा नसो, परिणाम तसा होत असे खरा. आतां मात्र तीच तिथि उलट बाजूनें काम करूं लागली आहे. त्या दिवशीं ताटांत आंबा हवाच, म्हणून मागणी एकदम चढते, भाव चढतो, आणि चढत्या भावाच्या ओढीनें अपुरा आंबा झाडावरून खालीं येतो. तिथि चंद्राप्रमाणें चालते. झाड सूर्याप्रमाणें चालतें. २०२३ सालीं अक्षय्य तृतीया २२ एप्रिलला आली. मग अधिक श्रावण पडला, आणि २०२४ सालीं ती १० मे रोजीं आली. अठरा दिवसांचें हें अंतर आंब्याच्या झाडाला कोणी कळविलेलें नसतें! मराठवाड्याचा केसर पाडाला लागतो तो साधारणपणें मे महिन्याच्या मध्यापासून पुढें. एप्रिलांत तिथि आली तर त्या दिवशींचा चांगला आंबा कोंकणचा किंवा दक्षिणेकडचा असावयाचा. त्या दिवशीं कोणी ‘इथलाच केसर’ म्हणून विकूं लागला, तर त्याच्या गोडीविषयीं शंका घेण्यास जागा आहे. कित्येक सुज्ञ गृहिणी नैवेद्यापुरते दोन-चार बाहेरचे आंबे आणतात व घरच्या रसाची पेटी ज्येष्ठांत घेतात. यानें पितरही तृप्त होतात व मुलेंही.

केसर हा मूळचा सौराष्ट्रांतील जुनागढचा. गराचा केशरी रंग पाहून तेथील नबाबानें १९३४ सालीं त्याला हें नांव दिलें असें सांगतात. मराठवाड्याच्या केसरलाही २०१६ सालीं मानांकन मिळालें. परंतु मानांकनानें फळाचें गांव कळतें. तें कोणत्या दिवशीं उतरविलें हें कळत नाहीं. तें फळावरूनच ओळखावें लागतें. तयार आंब्याचे खांदे देठाच्या दोन्ही बाजूंस भरून वर आलेले असतात व देठ मधल्या खळग्यांत बसलेला दिसतो. खांदे उतरते व देठ उंचावर असेल तर फळ कोवळें. कच्चा आंबा पेटीनें आणला असेल तर अढी घालण्यापूर्वीं तो बादलीभर पाण्यांत सोडून पाहावा; भरलेला आंबा बुडतो, अपुरा तरंगतो. तरंगणारे निराळे काढून त्यांचें लोणचें घालावें, हें उत्तम. पिकल्यावर केसर सर्वांगीं पिवळा होतोच असें नाहीं. कित्येकदां देठाकडे हिरवट झांक राहते. नाकाला देठापाशीं वास लागला पाहिजे, ही कसोटी रंगाहून खात्रीची.

वास नाहीं, पण पेटींतले सारे आंबे एकाच दिवशीं एकसारखे पिवळे, असें दिसल्यास सावध व्हावें. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली कीं त्यांतून ॲसिटिलीन वायु निघतो व साल झपाट्यानें पिवळी पडते. गर मात्र आंबट व घट्ट राहूं शकतो. कारखान्यांतील या वस्तूंत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. फळें पिकविण्यासाठीं तिचा वापर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं निषिद्ध आहे. इथिलीन हा निराळा वायु. तो फळ पिकतांना स्वतःच सोडीत असतें. १० लाख भागांत १०० भागांपर्यंत त्याचा उपयोग करण्यास २०१६ सालीं परवानगी देण्यांत आली. या दोहोंची गल्लत करून ‘वायूचा आंबा तेवढा विषारी’ असें म्हणणें बरोबर नाहीं. अपुरें तोडलेलें फळ मात्र इथिलीनच्या खोलींत ठेवूनही अपुरेंच राहतें.

सीताफळ हें या भागाचें खरें गरिबाचें पक्वान्न. बालाघाटच्या डोंगरांतील बीडच्या सीताफळास २०१६ चेंच मानांकन आहे, आणि शहराजवळ दौलताबादेच्या रस्त्यावर हंगामांत टोपल्या मांडून विक्रेते बसलेले असतात. येथें दाबून पाहण्याचें काहींच कारण नाहीं, डोळे पाहावे. डोळ्यांमधल्या फटी रुंदावून त्यांत पिवळट पांढरी रेघ दिसूं लागली म्हणजे फळ भरलें. असें टणक फळ तीन-चार दिवसांत घरीं पिकतें. फटी नसलेलें काळें पडून जातें, पण पिकत नाहीं. अंजिराचें याच्या उलट. तो झाडावरच पिकावा लागतो आणि पिकल्यावर एक-दोन दिवसांहून अधिक टिकत नाहीं. दौलताबादच्या अंजिराचें एके काळीं मोठें नांव होतें, पण दूरच्या पेठेसाठीं अंजीर तोडावयाचा म्हणजे तो कच्चाच तोडावयाचा. तेव्हां तो मिळाल्यास सकाळीं घ्यावा व त्याच दिवशीं संपवावा. जांब, ज्याला पुण्या-मुंबईकडे पेरू म्हणतात, तो हिंवाळ्यांतला घ्यावा. पावसाळ्यांतला पाणचट असतो व त्यांत अळी निघण्याची धास्तीही अधिक.

जाधववाडीच्या मोंढ्यांत फळ मोठ्या प्रमाणावर उतरतें आणि तेथून तें शहरभर पसरतें. दोन-तीन कुटुंबांनीं मिळून तेथून पेटी आणली तर फळ एका हाताळणीनें कमी मळतें. पेटी घेतांना वरच्या थरावर विश्वासूं नये. खालचा थर उघडून दाखविण्यास जो अडते कुरकुरत नाहीं त्याच्याकडे पुन्हां जावें. विचारावयाचा प्रश्न ‘गोड आहे का?’ हा नव्हे, कारण त्याचें उत्तर ठरलेलें असतें. ‘कोणत्या गांवचें व कधीं उतरविलें?’ असें विचारावें. खरा बागाईतदार याचें उत्तर आनंदानें देतो, आणि ज्याला तें देतां येत नाहीं त्याच्याजवळचें फळ किती हातांतून आलें हें समजून येतें. घरीं आणल्यावर कच्चा आंबा, कच्चें सीताफळ किंवा केळें फ्रिजमध्यें ठेवूं नये; थंडीनें त्यांचें पिकणें बिघडतें व साल काळवंडते. गवतांत, धान्याच्या कणगींत किंवा साध्या टोपलींत कागदाखालीं तीं ठेवावीं, रोज एकदां वास घेऊन पाहावा, आणि पिकलेलीं तेवढींच आधीं काढून घ्यावीं.