हे गाणं जुळवलं कोणी?



आम्ही वणी तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया बोलत आहोत. गटात आम्ही बारा जणी. माईक एकच आहे, म्हणून एक जण वाचते आहे. पण कागदावर जे आहे ते अकरा जणींनी बसून ठरवलेलं आहे. बारावी आज मुद्दाम गप्प बसली आहे. तिची पाळी नंतर येईल.

या कार्यक्रमात कर्जफेडीवर बोलणं होतं, शेळ्यांवर होतं, पापड-कुरडयांवर होतं. आम्ही गाण्याबद्दल बोलणार आहोत. आपल्यातली एखादी बाई स्वतःच्या मनानं गाणं जुळवते, ते लोकांपुढं न्यायचं कसं, आणि नेताना काय चुकतं. चुकतं म्हणजे आमचंच चुकलं, म्हणून तर सांगायला आलो.

गेल्या साली बायांचा एक मेळावा होता. मोठा मांडव, खुर्च्या, पाण्याचे कॅन. मंचावर दुसऱ्या एका गावच्या बाया गाणं म्हणायला उभ्या राहिल्या. निवेदन करणारा म्हणाला, आता ऐकू या आपल्या भागातलं एक पारंपरिक लोकगीत. पहिली ओळ ऐकली आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं पाहिलं. ते गाणं जुळवणारी बाई आमच्याचसोबत तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या.

गाणं कापसाचं आहे. वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. रस्त्याला लागून ज्यांचं वावर आहे, त्यांच्या पऱ्हाटीवर बोंडं फुटायच्या वेळेला ट्रकांची काळी धूळ बसते. दिवसभर वेचून आलं की ओटीतला कापूस मळका दिसतो, आणि घेणारा तेवढंच कारण धरून भाव पाडतो. आमची ही बाई अशाच एका वावरात वेचायला जाते. तिथंच वेचता वेचता तिनं जुळवलं. सुरुवात अशी आहे:

कापूस माहा पांढरा, वाट त्याची कायी,
ओटीतला हात माहा वयखू येत नाही.

पुढं सहा कडवी आहेत, ती तीच म्हणेल.

मेळाव्यात हेच गाणं झालं, पण कोणीतरी ते ‘शुद्ध’ केलं होतं. ‘कायी’चं ‘काळी’ केलं, ‘वयखू’चं ‘ओळखू’ केलं. आता तुम्हीच म्हणून पाहा, ‘काळी’ला ‘नाही’ जुळतं का? यमकच मोडलं. आम्ही बोलतो तसं ते गाणं आहे, म्हणून तर ते जुळलेलं आहे. घरी येताना आमची बाई गाडीत एवढंच बोलली, “नाव नाही घेतलं तं नाही घेतलं वो, पण गाणं काहून मोडलं?”

आम्हाला राग आला, आधी त्या दुसऱ्या गावच्या बायांचा. दोघी जणी त्यांच्याकडं जाऊन आल्या. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आम्हाला तर मोबाईलवर आलं, आम्हाला वाटलं जुनंच आहे. कोणाकडून आलं, त्याच्या आधी कोणाकडून, असं मागं मागं जात शोधलं, तर ते निघालं आमच्याच गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या फोनमधून. आम्ही बाराही जणींनी मिळून म्हटलेलं, कोणाच्या तरी पोरानं रेकॉर्ड केलेलं, आणि खाली लिहिलेलं, ‘आमच्या गटाचं गाणं’. तिचं नाव आम्हीच टाकलं नव्हतं. तीन वर्षं प्रत्येक बैठकीत ते गाणं आम्ही म्हणत होतो आणि एकदाही सांगितलं नव्हतं की हे हिनं जुळवलं.

असं का झालं, यावर आम्ही पुष्कळ बोललो. एक कारण असं की आपल्याला सवयच तशी. भुलाबाईची गाणी घ्या. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपण ती म्हणतो, आपल्या आज्यांनी म्हटली, पोरी म्हणतात. कोणी जुळवली? माहीत नाही. तेव्हा बायांचं गाणं म्हणजे बिननावाचंच, असं डोक्यात बसून गेलं. पण ती गाणी काही आभाळातून पडली नाहीत. कधीतरी, कुठल्या तरी अंगणात, एका बाईनं पहिल्यांदा म्हटलीच असतील.

आता पोळा पाहा. तोरणाखाली बैलं उभी राहिली की माणसं झडत्या म्हणतात. एखाद्यानं चांगली झडती जुळवली, सरपंचाला किंवा सरकारला चिमटा काढला, तर दहा वर्षं गाव म्हणतं, ही अमक्याची झडती. माणसाची झडती त्याच्या नावानं चालते आणि बाईचं गाणं पारंपरिक होऊन जातं. हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही जरा वेळ गप्पच बसलो.

बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्ही पोरांच्या पुस्तकात वाचलं असेल. जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म १८८० चा. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे त्याच साली जन्मले. बापूजी शिकले, वकील झाले, त्यांचं लिहिलेलं-बोललेलं कागदावर राहिलं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर, चुलीपुढं गाणी म्हणत राहिल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा एक मावसभाऊ यांनी त्यातली काही उतरवून घेतली, म्हणून ती उरली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांनी गाणी वाचली आणि त्यांच्या आग्रहानं १९५२ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे आपलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. आणि त्या पुस्तकातली बोली कोणी ‘शुद्ध’ केली नाही, म्हणून ती गाणी आजही तशीच गोड लागतात. आमच्यातल्या एकीनं विचारलं, ज्या बाईचा पोरगा कवी नसेल तिचं काय? याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं.

थोडंफार उत्तर पुण्याकडच्या कामात सापडतं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. त्यांनी ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ओवी जुनी असली तरी म्हणणारी कोण, हे राहिलं. चक्की आली, जाती बंद पडली. पण त्या बायांची नावं वहीत आहेत.

आणि आपल्या जुन्या लोकांनी तर याच्यावर फार साधा उपाय काढला होता. अभंगाच्या शेवटी जनाबाई आपलं नाव घालते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात शेवटी तुकड्या येतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी वामन येतो. याला नाममुद्रा म्हणतात. गाणं कुठंही जावो, कोणीही म्हणो, नाव त्याच्या पोटात बसून जातं. निवेदन करणारा विसरला तरी गाणं विसरत नाही. आम्ही आमच्या बाईला म्हटलं, तूही घाल. ती लाजली. “मी काय संत आहो का?” पंधरा दिवस घेतले, पण सातवं कडवं केलं, त्यात नाव आहे.

आता एकटीनं म्हणण्याची गोष्ट. यावर आमचं भांडण झालं, ते लपवत नाही. पुढच्या बैठकीत तिनं सांगितलं, हे गाणं आता मी एकटी म्हणीन, खंजिरीही मीच वाजवीन. आमच्यातल्या काही जणींना ते लागलं. इतके दिवस आम्ही तुझ्या मागं म्हटलं, टाळ धरला, आता आम्ही नको झालो? गटात राहून एकटीचं कसं चालेल? एकजण तर उठूनच गेली. तेव्हा ती म्हणाली, “तुमी संगं असल्या का मले धीर येते. पण माहे शब्द बुडते. मले शब्द आयकू याले पाह्यजे.”

खरंच आहे. बारा जणी जोरानं म्हणतात तेव्हा जोश ऐकू येतो, ‘ओटीतला हात वयखू येत नाही’ हे ऐकू येत नाही. ते हळू म्हणायचं आहे. पहिल्यांदा ती एकटी म्हणाली ती कोजागिरीच्या रात्री, समाजमंदिरापुढं. आवाज कापत होता, दुसऱ्या कडव्याला खंजिरी चुकली, पोरं हसली. तिच्या सासूबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पोरांना दटावलं नाही, काही नाही, नुसतं म्हणाल्या, “पुन्हा पासून म्हण.” तिनं पुन्हा पासून म्हटलं. जी उठून गेली होती ती दूध आटवत होती, ती चूल सोडून ऐकायला आली.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या, तुमच्या कामी पडतील म्हणून सांगतो. ठरावाच्या वहीसोबत आता गाण्याची वेगळी वही आहे. गाणं, जुळवणारीचं नाव, तारीख, आणि चाल कोणाची. बोलीत म्हटलं तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. लिहिता न येणारीचं गाणं दुसरीनं लिहायचं, पण तिला वाचून दाखवल्याशिवाय वही बंद करायची नाही.

रेकॉर्ड करताना सुरुवातीला तिनंच नाव, गाव, तारीख सांगायची. पंखा बंद, फोन विमान मोडवर. नाहीतर मधातच रिंग वाजते. घरात आवाज घुमत असेल तर दारा-खिडकीवर गोधडी टाका, फार फरक पडतो. फोन तोंडापासून वीतभर, खंजिरी त्याच्यापासून लांब धरायची, नाहीतर नुसता छणछणाट येतो. व्हॉट्सॲपवर आवाज दबून जातो; ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला तर जसाच्या तसा जातो. मूळ रेकॉर्डिंग दोन फोनमध्ये ठेवा. आमचा एक फोन कपड्यासोबत टाक्यात धुतला गेला, तेव्हापासून हा नियम.

कायद्याचंही थोडं विचारून घेतलं. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. आपण शब्द जुळवले की त्यावर आपला हक्क त्याच घडीला होतो, त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. आपल्या हयातीत आणि आपल्यामागं ६० वर्षं तो राहतो, लेकरांकडं जातो. भांडण लागलं तर पुरावा लागतो, तिथं आपली वही आणि तारखेचं रेकॉर्डिंग कामी येतं. नोंदणी करायचीच असली तर गाण्याचे शब्द असोत की चाल, एका कृतीला ५०० रुपये सरकारी फी आहे, अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात आमच्या बाईच्या दोन्ही दुःखांचं नाव आहे: गाणं विकलं तरी ‘हे माझं’ म्हणायचा हक्क राहतो, आणि आपली अब्रू जाईल असं कोणी ते मोडलं तर हरकत घेता येते. भुलाबाईची, ओवीची जुनी चाल कोणाच्याच मालकीची नाही, खुशाल घ्या. सिनेमाची चाल मात्र दुसऱ्याची आहे. तिच्यावर शब्द बसवून यूट्यूबवर टाकलं तर कंपनीचा दावा येतो. आणि यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे लगेच येत नाहीत. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलेलं असावं लागतं. तेव्हा कोणी म्हणालं, गाणं द्या, महिन्याला एवढे मिळतील, तर आधी गटात येऊन बोला. सही तर घाईनं करूच नका. २०१२ च्या दुरुस्तीपासून, रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, हे माहीत असू द्या.

बाहेरगावी बोलावणं आलं तर काय घ्यायचं, यावर वाद झाला. गाण्याचे पैसे कसे मागायचे, असं काही जणींचं म्हणणं. पण वेचाईच्या दिवसात एक दिवस गेला की रोजी बुडते. मांडववाल्याला पैसे देता, माईकवाल्याला देता. म्हणून ठरलं: बुडालेली रोजी, जायचं-यायचं भाडं, आणि त्यावर बोलावणारा देईल ते. हे तिचं, गटाचं नाही. गटाला तिनं आपल्या मनानं चहा पाजला, तर पिऊ.

त्या मेळाव्यात गाणं म्हणणाऱ्या बाया मध्यंतरी आमच्याकडं आल्या होत्या. आम्हाला अजून म्हणायचं आहे, म्हणाल्या, आमच्याही गावात धूळ आहे. तिनं त्यांना ‘कायी’ म्हणायला बसवलं. एकजण सारखी ‘काळी’वर जायची, तर हिनं तिच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. आता त्या म्हणतात तेव्हा सातवं कडवं सोडत नाहीत.

तिचं नाव आम्ही एवढा वेळ घेतलं नाही. सारखं आम्हीच बोललो, तेवढं तरी तिच्यासाठी ठेवलं. आता ती माईकपाशी येते आहे. खंजिरी तिची आहे, नाव तीच सांगेल. आम्ही मागं बसतो, आणि मधात म्हणणार नाही.